विशेष मुलांच्या पालकांचा स्वमदत गट : कोथरूडमधील एका गटाचे परीक्षण

स्वमग्नता (ऑटिझम) किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांसाठी पुण्यात कोथरूड परिसरात चालणाऱ्या एका स्वमदत गटात आम्ही पती-पत्नी बरीच वर्षे जात आहोत. स्वतःची जाहिरात करायची नाही असे गटाने ठरवलेले असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. नवे पालक तेथे बहुधा थेरपिस्टच्या किंवा विशेष शाळेतील समुपदेशकांच्या सांगण्यावरून येतात. असे गट मोठ्या उमेदीने सुरू होतात आणि पुष्कळदा वर्ष-दीड वर्षात ओस पडतात. हा गट टिकला आहे. ज्यांना आपल्या गावात किंवा वसाहतीत असे काही सुरू करायचे आहे, त्यांना तो कसा टिकला हे कळावे म्हणून हे परीक्षण तपशिलात लिहीत आहे.

बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळात एका शाळेच्या सभागृहात होते. सण असो, परीक्षा असोत किंवा चारच कुटुंबे येणार असोत, हा वार आणि ही वेळ बदलली जात नाही. दोन समन्वयक असतात, प्रत्येकाची मुदत एक वर्षाची असते आणि दर सहा महिन्यांनी त्यांतील एक बदलतो, त्यामुळे जुना समन्वयक नव्याला सोबत घेऊन काम शिकवतो आणि सगळा भार एकाच उत्साही व्यक्तीवर पडत नाही. अशी व्यक्ती थकली किंवा तिच्या घरी आजारपण आले की तिच्याबरोबर गटही बंद पडतो, हे मी इतरत्र पाहिले आहे. चहा आणि सभागृहाची सफाई यांसाठी प्रत्येक कुटुंबाकडून अल्प वर्गणी घेतली जाते आणि जमाखर्च बैठकीतच वाचून दाखवला जातो.

मला सर्वांत मोलाची वाटते ती दूरध्वनीची पद्धत. सलग दोन बैठकांना न आलेल्या कुटुंबाला कोणीतरी ठरवून फोन करते. ‘का आला नाहीत’ असे त्या फोनवर कधी विचारले जात नाही. मुलगा कसा आहे, रात्री झोपतो का, तुम्ही जेवलात का, एवढीच चौकशी होते. विशेष मुलाचे घर नातेवाइकांच्या लग्नकार्यांतून आणि शेजाऱ्यांच्या हळदीकुंकवांतून हळूहळू बाजूला पडत जाते, आणि गटापासून दूर जाण्याची सुरुवातही तशीच नकळत होते. जी घरे सर्वाधिक अडचणीत असतात तीच बैठकीला येणे आधी थांबवतात, हे ओळखून केलेली ही योजना आहे.

बैठकीतला पहिला तास बोलण्याचा असतो. त्यात न मागितलेला सल्ला द्यायचा नाही, दुसऱ्याच्या मुलाशी आपल्या मुलाची तुलना करायची नाही आणि ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, हे नियम दर वेळी वाचले जातात. नुकतेच निदान झालेल्या चार वर्षांच्या मुलीची आई बोलत असताना तिला मध्येच ‘अमुक डॉक्टरांकडे जा’ असे कोणी सांगू लागले, तर समन्वयक नम्रपणे थांबवतात. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट पाहुणे म्हणून येतात, प्रश्नांना उत्तरे देतात आणि जातात. गटाचे प्रमुखपद त्यांच्याकडे नसते. कोणत्याही उपचाराची विक्री बैठकीत करू दिली जात नाही, आणि हा नियम मला फार आवश्यक वाटतो. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये स्पष्ट केले होते, तरीही लाखो रुपये घेऊन हताश पालकांना मूल बरे होण्याची आशा दाखवणारे लोक अशा गटांच्या दारापर्यंत पोहोचतात.

दुसरा तास कागदपत्रांचा असतो, आणि या बाबतीत हा गट खरोखर उत्तम आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. बँकेचे खाते किंवा मालमत्तेचे व्यवहार यांसाठी कायदेशीर पालकत्व घ्यावे लागते, हे पुष्कळ घरांना अगदी उशिरा कळते. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी हे पालकत्व जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती देते. आमच्या मुलाच्या वेळी अर्ज कसा भरायचा, कोणत्या प्रती जोडायच्या आणि समितीपुढे काय विचारले जाते, हे नुकतेच त्यातून गेलेल्या एका वडिलांनी शेजारी बसून समजावले. याच कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून विम्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि ठरावीक मर्यादेत बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचा खर्चही मिळतो; परंतु नूतनीकरणाची तारीख चुकू नये म्हणून गटाने सामायिक नोंदवही ठेवली आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र), अपंग अवलंबितासाठी जुन्या करप्रणालीत मिळणारी आयकर वजावट, सोबत्यासह मिळणारी रेल्वे सवलत, या प्रत्येक विषयावर तेथे कोणी ना कोणी स्वतः खेटे घातलेले असते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे चाकाच्या खुर्चीवरील मुलांच्या पालकांना येणे अवघड होते. शनिवारची दुपार नोकरदारांना सोयीची असली तरी घरकाम किंवा रोजंदारी करणाऱ्या आयांना ती जमत नाही. त्यांची मुलेही याच परिसरातील शाळांत आहेत, पण त्या गटात जवळजवळ दिसत नाहीत, आणि ही मला या गटाची सर्वांत गंभीर त्रुटी वाटते. त्यांच्या वस्तीत, त्यांच्या वेळेनुसार वेगळी बैठक घेण्याचा प्रस्ताव दोनदा पुढे आला आणि मागे पडला. समाजकार्याचे विद्यार्थी बैठकीच्या वेळी मुलांना शेजारच्या खोलीत सांभाळतात, परंतु त्यांच्या परीक्षांच्या काळात ती सोय नसते आणि मग आई किंवा वडील यांपैकी एकालाच येता येते. तो एक बहुतेक वेळा आईच असते.

वयोगटांची सरमिसळ हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. ज्यांची मुले पंचविशी-तिशीत आहेत ते ‘आमच्यानंतर याचे कसे होणार’ या काळजीने निवासी व्यवस्थेविषयी बोलतात, आणि ते बोलणे नव्या पालकांना घाबरवून टाकते. तरी तो विषयही मोलाचा आहे. बदलापूरचे ‘आधार’ हे निवासी केंद्र पालकांनीच एकत्र येऊन उभे केले, आणि राष्ट्रीय न्यासाच्या मंडळावरही पालक संघटनांच्या प्रतिनिधींना कायद्यानेच जागा दिलेली आहे. ज्येष्ठ पालकांनी धरलेला आग्रह यामागे होता. म्हणून ती चर्चा थांबवू नये, तर तिच्यासाठी स्वतंत्र बैठक असावी, असे माझे मत आहे. गट नोंदणीकृत नाही, आणि जोवर जागा किंवा देणग्या हाताळायच्या नाहीत तोवर नोंदणीची घाई नको हा गटाचा निर्णय मला पटतो. निवासी घराचा विषय पुढे गेला तर मात्र नोंदणी, लेखापरीक्षण आणि विश्वस्त यांवाचून चालणार नाही.

नवा गट सुरू करणाऱ्यांनी पाच-सहा कुटुंबांपासून आरंभ करावा, निश्चित जागा आणि वार आधी पक्का करावा आणि व्हॉट्सॲप गट बैठकीला पर्याय होऊ देऊ नये. या गटाच्या व्हॉट्सॲपवर फक्त बैठकीच्या सूचना आणि तातडीची मदत एवढेच चालते, आणि ते योग्यच आहे. कोथरूडच्या आसपास राहणाऱ्या नव्या पालकांना मी येथे जाण्याची मनापासून शिफारस करतो. पहिल्या बैठकीला शक्य असल्यास आईवडील दोघांनी जावे, मुलाची फाइल नेऊ नये, आणि बोलावेसे वाटले नाही तर बोलू नये. तेथे त्याबद्दल कोणी काही म्हणत नाही.