मोटरहोमचा एक्स्टेंडेड सर्व्हिस प्लॅन घ्यावा का? बरेच महिने वापरून झाल्यावर लिहितेय

आधीच सांगते, आम्ही आमच्या मोटरहोमचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचा, असा प्लॅन घेतला (कंपनीची वॉरंटी संपल्यावर बिघडलेल्या पार्टचा खर्च देणारा करार), क्लेमही केले. एक पूर्ण पास झाला, एक अर्धामुर्धा झाला आणि एक सरळ नाकारला. त्यामुळे "डोळे मिटून घ्या" किंवा "पैसे पाण्यात" असं एका वाक्यातलं उत्तर हवं असेल तर ते माझ्याकडे नाहीये. पण सही करायच्या आधी काय बघायचं ते आता बऱ्यापैकी कळलंय, तेच लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची गाडी सेकंडहँड, मधल्या वयाची. दोन स्लाइड-आउट (मुक्कामाला बटण दाबून बाहेर सरकवता येणारे खोलीचे भाग), खाली हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅक (उभी गाडी समतल करणारे पाय), छतावर दोन एसी, जनरेटर, गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा फ्रिज. ही यादी मुद्दाम देतेय कारण माझ्या मते प्लॅनचा निर्णय प्लॅनच्या किमतीवरून होत नाही, तुमच्या गाडीत काय काय बसवलंय त्यावरून होतो. छोटी व्हॅन असेल, स्लाइड नाही, जॅक नाहीत, फ्रिज साधा कॉम्प्रेसरवाला, तर बिघडायला आहेच काय त्यात? इंजिन-गिअरबॉक्स, आणि ते कुठलंही चांगलं गॅरेज करून देतं. पण गाडीत जितक्या मोटरा, पंप, कंट्रोल बोर्ड, तितकी मोठी बिलं येण्याची शक्यता, आणि त्यातली अर्धी कामं रस्त्यावरच्या मेकॅनिकला येतच नाहीत.

आणखी एक गोष्ट नवीन लोकांच्या पटकन लक्षात येत नाही. मोटरहोम ही एका कंपनीची वस्तू नसते. चॅसी (खालचा सांगाडा) आणि इंजिन बऱ्याचदा एकाचं, वरचं घर बांधणारा दुसरा, फ्रिज तिसऱ्याचा, जनरेटर चौथ्याचा, हीटर पाचव्याचा, आणि प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी, सर्व्हिस सेंटर पण वेगळं. नवीन गाडीला घराच्या भागाची वॉरंटी बऱ्याच वेळा एकाच वर्षाची असते, चॅसीची जास्त. म्हणून नवीन गाडीसोबत कोणी प्लॅन विकत असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा की याची मुदत आजपासून मोजणार का वॉरंटी संपल्यावर? आजपासून मोजत असतील तर पहिल्या वर्षात जे कंपनी फुकट करून देणारच आहे त्याचे पैसे तुम्ही दुसऱ्यांदा भरताय.

अजून एक घोळ म्हणजे इन्शुरन्स, रोडसाइड असिस्टन्स आणि सर्व्हिस प्लॅन या तिघांची लोक खिचडी करतात. अपघात, चोरी, आग हे इन्शुरन्सचं काम. टो करून गॅरेजपर्यंत नेणं रोडसाइडवाल्यांचं. आपोआप बिघडलेल्या पार्टचा खर्च प्लॅनचा. प्लॅनमध्ये टोइंग लिहिलेलं असलं तरी त्याला रकमेची मर्यादा असते, आणि एवढी अवजड गाडी ओढायला जो मोठा टो ट्रक लागतो त्याचं बिल त्या मर्यादेच्या पार पुढे जाऊ शकतं. आम्ही रोडसाइड वेगळंच ठेवलंय.

आता मुख्य, कागद. विकणारा माणूस जे ब्रोशर देतो त्यात सगळं हिरवंगार असतं, ते बाजूला ठेवायचं आणि नमुना करार मागायचा, पूर्ण, सगळ्या पानांसकट. सहीच्या आधी देत नसेल तर तिथूनच नमस्कार करायचा. आम्हाला एका ठिकाणी "तो नंतर ईमेलवर येईल हो मॅडम" असं सांगितलं, तिथून उठून आलो.

करार साधारण दोन प्रकारचे असतात. एकात कव्हर असलेल्या पार्टची यादी असते, यादीत नाव नाही तर पैसे नाहीत. दुसऱ्यात उलटं, जे कव्हर नाही त्याची यादी आणि बाकी सगळं कव्हर. दुसरा महाग असतो पण मोटरहोमसाठी तोच बरा, कारण यात असे शंभर चिल्लर पार्ट असतात ज्यांची नावं यादीवाल्या करारात कधीच येत नाहीत. यादीत "स्लाइड मोटर" असेल पण ती चालवणारा कंट्रोलर नसेल, मग बसा भांडत.

त्यानंतर "बिघाड" म्हणजे काय याची व्याख्या शोधा. काही करारांत पार्ट अचानक बंद पडला तरच बिघाड, हळूहळू झिजून कमजोर झाला तर नाही. मधल्या वयाच्या गाडीत बहुतेक गोष्टी हळूहळूच मरतात, त्यामुळे झीज कव्हर आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्या प्लॅनचा उपयोग निम्मा. आणि एक बिघडल्यामुळे दुसरं बिघडलं तर काय, हेही बघा. पंपाचं सील गेलं, पंप गेला, सील कव्हर नव्हतं म्हणून पंपही नाही, असं होऊ शकतं. काही ठिकाणी सील आणि गॅस्केटचं कव्हर जास्तीचे पैसे देऊन घेता येतं, आम्ही घेतलं.

आता आमचे क्लेम.

पहिला फ्रिजचा. हा अब्सॉर्प्शन फ्रिज, म्हणजे कॉम्प्रेसर नाही, गॅसच्या ज्योतीने नाहीतर विजेने उष्णता द्यायची आणि त्यावर आतलं अमोनिया फिरून थंडावा होतो. ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. या फ्रिजला गाडी बऱ्यापैकी लेव्हल लागते, तिरक्या जागी तासन् तास चालवला तर मागचं कूलिंग युनिट खराब होतं आणि ते परत आणता येत नाही. आमचा फ्रिज थंड होईना, मागची जाळी काढली तर पिवळट पावडर आणि अमोनियाचा भपका. मेकॅनिकने बघताक्षणी सांगितलं, कूलिंग युनिट गेलं. प्लॅनवाल्यांना फोन केला तर त्यांनी आधी कामाला हात लावायचा नाही असं बजावलं, परवानगी नंबर मिळाल्याशिवाय केलेलं काम ते बघतच नाहीत. मग त्यांचा इन्स्पेक्टर आला, फोटो काढले, सर्व्हिसचे कागद मागितले. नवरा प्रत्येक ऑइल चेंजची, प्रत्येक फिल्टरची पावती फाइलला लावून ठेवतो आणि मी त्याला त्यावरून चिडवायचे, पण त्या फाइलमुळे काम झालं हे मान्य करावं लागेल. पैसे थेट गॅरेजला गेले, आम्ही फक्त डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपल्या वाट्याचा ठरलेला खर्च, भरलं. हा एक क्लेम बघून मी प्लॅनच्या प्रेमात पडले होते, खोटं कशाला बोला.

दुसरा स्लाइड-आउटचा. बटण दाबलं की घरघर आवाज आणि स्लाइड जागच्या जागी. आता अशी बाहेर अडकलेली स्लाइड घेऊन गाडी चालवता येत नाही, म्हणजे घर आहे तिथेच अडकलं. हाताने आत ढकलायची सोय असते, ती तुमच्या गाडीत कुठे आहे हे आजच शोधून ठेवा. मोटर प्लॅनने दिली पण मजुरी त्यांच्या पुस्तकातल्या तासांप्रमाणे आणि त्यांच्या दराने दिली. गॅरेजचा दर जास्त आणि तासही जास्त लागले कारण आतलं फर्निचर काढावं लागलं, तो फरक आमच्या खिशातून. रबरी सील करारात "झिजणारी वस्तू" म्हणून बाहेर, म्हणजे आम्ही वेगळे पैसे देऊन घेतलेलं सीलचं कव्हर पंप-इंजिनच्या आतल्या सीलपुरतं, स्लाइडभोवतीच्या रबरासाठी नाही. हे करारात लिहिलेलं होतंच, नाही असं नाही. तुम्ही तुमच्या जवळच्या गॅरेजचा तासाचा दर विचारून घ्या आणि करारातल्या मजुरीच्या मर्यादेशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे आणि फार कमी लोक करतात.

याच वेळेला एक फायदा झाला तो सांगते. आमचं डिडक्टिबल दर भेटीला आहे, दर पार्टला नाही. जॅकचा एक सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारी झडप) पण कुरकुरत होता, तो त्याच भेटीत दाखवला आणि दोन्ही कामं एकाच डिडक्टिबलमध्ये निघाली. दर पार्टला डिडक्टिबल असलेला प्लॅन दिसायला स्वस्त असतो, पण मोटरहोममध्ये एकटी एकच गोष्ट कधी बिघडते सांगा बरं?

तिसरा क्लेम छताच्या गळतीचा, नाकारला. अपेक्षाच होती, अर्ज केला कारण करायला पैसे पडत नव्हते. छतावरचे व्हेंट, एसी, अँटेना यांच्या कडेने जे सीलंट असतं ते उन्हाने तडकतं, पाणी आत जातं, लाकूड कुजतं, भिंतीचे थर सुटून फुगे येतात. मोटरहोमचं आयुष्य खरं संपवतं ते पाणी, आणि मी वाचलेल्या एकाही करारात पाण्याचं नुकसान कव्हर नव्हतं. तसंच टायर, बॅटऱ्या, थंडीत गोठून फुटलेले पाइप, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, काहीच नाही. म्हणजे बघा, ज्या गोष्टी या गाड्यांना सगळ्यात जास्त छळतात त्यातल्या कितीतरी प्लॅनच्या बाहेरच. त्या तुमच्या हातात आहेत. दर तीन ते सहा महिन्यांनी छतावर चढून सीलंट बघायचं. जनरेटर महिन्यातून एकदा तरी दोनेक तास लोड देऊन चालवायचा, नुसता रिकामा नाही, नाहीतर उभ्या उभ्या कार्ब्युरेटर चोंदतो. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही नवी दिसत असली तरी ती तारीख बघायची, कारण या गाड्यांचे टायर घासून कमी आणि वयाने जास्त मरतात.

प्लॅनमध्ये वेळ पण कव्हर नसतो, हे मला सगळ्यात जास्त टोचलं. आधी गॅरेजची अपॉइंटमेंट, मग निदान, मग इन्स्पेक्टर, मग परवानगी, मग पार्ट येणार. तोपर्यंत गाडी गॅरेजच्या अंगणात आणि आपली सुट्टी गेली. स्वतःच्या पैशाने करत असाल तर "उघड आणि कर" म्हणता येतं. शिवाय निदानासाठी काही उघडायला लागलं आणि शेवटी क्लेम नाकारला गेला, तर उघडझापीचे पैसे आपलेच. जागेवर येणाऱ्या फिरत्या मेकॅनिकला परवानगी आहे का हेही विचारा, आमच्या प्लॅनमध्ये आहे आणि त्यामुळे निदान तरी लवकर झालं.

पैशाबद्दल थोडं. किंमत ठरलेली नसते, घासाघीस होते, विकणाऱ्याचा वाटा त्यात चांगला जाड असतो. एकाच प्लॅनचं कोटेशन दोन-तीन ठिकाणांहून घ्या. गाडीच्या कर्जात हे पैसे घालू नका, "हप्त्यात फक्त एवढेसे वाढतील" म्हणतात पण मग प्लॅनवर वर्षानुवर्षं व्याज भरत बसता, प्लॅनची मुदत संपते आणि व्याज चालूच. मधेच रद्द केला तर उरलेल्या काळाचे पैसे परत मिळतात का, गाडी विकली तर नव्या मालकाच्या नावावर होतो का, हे लिखित हवं. आणि करारामागे पैसे नक्की कोण देणार आहे ते नाव शोधा, विकणारा वेगळा, क्लेम बघणारा वेगळा, आणि त्यामागे इन्शुरन्स कंपनी असेल तर ती वेगळी. क्लेम बघणारी कंपनी बुडाली तर पुढे कोण उभं राहणार हे तिथे कळतं. मागे कोणीच नसेल तर नको.

मुक्काम कायमचा गाडीतच असेल किंवा गाडी भाड्याने देत असाल तर ते आधीच सांगा, काही करार दोन्हींना चालत नाहीत आणि हे क्लेमच्या वेळी बाहेर निघतं. वजनाच्या मर्यादेपेक्षा जास्त भरलेल्या गाडीचंही तेच.

आमच्या घरात यावरून अजून एकमत नाही. नवऱ्याचं म्हणणं, तेवढीच रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकली असती तर पैसा आपलाच राहिला असता, बिघडलं नाही तर उरला. बरोबर आहे, पण फ्रिज गेला तेव्हा ते खातं जेमतेम सुरू झालेलं असतं हे तो सोयीस्करपणे विसरतो. ज्यांच्याकडे एखादं मोठं बिल आलं तरी झोप उडणार नाही एवढी शिल्लक आहे आणि स्वतः हातात पाना धरायची सवय आहे, त्यांनी खातं उघडावं. ज्यांचे सगळे पैसे गाडी घेण्यातच संपलेत, गाडीत स्लाइड-जॅकचा पसारा आहे आणि ती पाच-दहा वर्षांची आहे, त्यांनी प्लॅन घ्यावा, पण आधी एखाद्या स्वतंत्र इन्स्पेक्टरकडून गाडी तपासून घ्यावी, म्हणजे "हे आधीपासूनच बिघडलेलं होतं" असं म्हणायला कोणाला जागा राहत नाही. आम्ही तो रिपोर्ट काढला होता, फ्रिजच्या वेळी तोही दाखवला.

मुदत संपत आली की वाढवायचा विचार आहे, मात्र आता फक्त घराच्या भागाचा घेणार. इंजिनचं काम आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे होतं, त्याचे पैसे नवरा म्हणतो तशा वेगळ्या खात्यातून. दोन कोटेशन आलीयेत, दोन्हीत मजुरीची मर्यादा आमच्या गॅरेजच्या दराच्या खाली आहे, त्यामुळे तिसरं मागवलंय.