जुने मेंडोलिन घ्यायचेय: गिब्सन की इटालियन?

जुन्या मेंडोलिनचा शोध बहुतेक वेळा एखाद्या फोटोपासून सुरू होतो. फोटोत कुणी मोठा वादक असतो आणि त्याच्या हातात आहे तसलेच वाद्य आपल्याला हवे असते. यात चूक काही नाही. फक्त त्याने ते कशासाठी घेतले आणि तुम्हाला काय वाजवायचे आहे, हे जुळत नसेल तर पैसे पाण्यात जातात. खरेदीला निघालेल्यासमोर मुख्यतः तीन घराणी येतात: गिब्सन या अमेरिकी कंपनीचे एफ-5 हे मॉडेल, गिब्सनचीच लंबगोल भोकाची ए आणि एफ-4, आणि इटलीची भोपळ्यासारख्या पाठीची वाद्ये. माझा कल मधल्या घराण्याकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात एफ-5 पासून, कारण सगळा गाजावाजा त्याचाच. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू इथे गिब्सनचा कारखाना होता. लॉइड लोअर तिथे 1919 ते 1924 कामाला होता आणि एफ-5 त्याच्याच देखरेखीखाली 1922 मध्ये बाजारात आले. जून 1922 ते डिसेंबर 1924 या काळातल्या वाद्यांच्या पोटात त्याच्या सहीची, तारीख घातलेली चिठ्ठी असते. वरची पाटी व्हायोलिनसारखी कोरून काढलेली, तिला इंग्रजी ‘f’ च्या आकाराची दोन भोके, खालून लांबीच्या दिशेने दोन पट्ट्या. मान लांब, पंधराव्या पडद्याशी खोक्याला मिळणारी. वाद्य उत्तम होते, पण वेळ चुकली. मेंडोलिन ऑर्केस्ट्रांची लाट ओसरली होती आणि लोक बँजोमागे लागले होते. एफ-5 फारसे खपले नाही.

पुढे दोन दशकांनी, 1940 च्या दशकाच्या मध्यात, अमेरिकी मेंडोलिनवादक बिल मन्रोला मायामीतल्या एका केशकर्तनालयात असे एक एफ-5 विक्रीला ठेवलेले दिसले. चिठ्ठीवर तारीख 9 जुलै 1923. त्याने ते दीडशे डॉलरना उचलले. त्याच्या ब्लूग्रास (अमेरिकी ग्रामीण संगीताची एक शैली) बँडमध्ये ढोल नव्हता. ते काम मन्रोचे मेंडोलिन करायचे. ठेक्याच्या उलट मात्रेवर तारा छेडून लगेच दाबायच्या, असा तो कोरडा, तुटक ‘चॉप’. बँजो आणि फिडलच्या गर्दीतून तो आवाज आरपार जायचा. पुढच्या पिढ्यांनी तो आवाज हवा म्हणून तेच वाद्य शोधले, आणि आज लोअरच्या सहीच्या एफ-5 ला लाखभर डॉलर किंवा त्याहून जास्त पडतात. माझ्या मते त्या किमतीत लाकडाइतकाच मन्रोही आहे.

मन्रोच्या त्या मेंडोलिनची कथा संग्राहकांनी मुद्दाम वाचावी. दुरुस्तीवरून कंपनीशी बिनसले म्हणून त्याने माथ्यावरचे ‘गिब्सन’ हे नाव खरवडून काढले. 1985 मध्ये कुणी घरात शिरून लोखंडी सळईने वाद्याचा चुराडा केला. गिब्सनच्या चार्ली डेरिंग्टनने तुकडा तुकडा जोडून ते पुन्हा उभे केले. आता ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे. मूळ वॉर्निश नाही म्हणून किंमत निम्मी करणाऱ्या बाजारात हेच वाद्य बिननावाचे आले असते तर काय भाव मिळाला असता, कोण जाणे.

मग एफ-5 कुणी घ्यावे? बँडमध्ये, माइकसमोर, ठेका धरून वाजवणाऱ्याने. मेंडोलिनवादक क्रिस थीलीने 2007 मध्ये 1924 चे, लोअरच्या सहीचे एफ-5 घेतले आणि त्यावर तो बाखही वाजवतो, म्हणजे ते ठेक्यापुरतेच आहे असे नाही. पण सही नाही म्हणून अडून राहू नका. ब्लूग्रास वादक सॅम बुशचे गाजलेले ‘हॉस’ हे 1937 चे एफ-5 आहे, लोअर गिब्सन सोडून गेल्यानंतरचे, आणि त्याच्या वाजवण्यात काही कमी आहे असे कुणी म्हणत नाही.

इटलीची वाद्ये हा वेगळा संसार आहे. आज आपण ओळखतो ते लोखंडी तारांचे मेंडोलिन एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या विनाचिया घराण्यात घडत गेले. त्याच शहरातला राफाएले कालाचे (1863–1934) वाद्ये बनवणारा, वाजवणारा आणि रचनाकारही. 1920 च्या दशकात तो जपानला जाऊन वाजवून आला. तिथे मेंडोलिनची आवड आजही दांडगी आहे. रोमच्या लुइजी एंबेर्गेरची (1856–1943) वाद्ये मानेला अरुंद, पडद्यांची पट्टी किंचित बाकदार; सिल्व्हिओ रानिएरीसारखे मैफलीचे वादक ती वापरत. अखंड ट्रेमोलोत (एकच स्वर भरभर छेडत राहण्यात) हा आवाज जसा गोड, चमकदार लागतो, तसा गिब्सनवर लागत नाही. युरोपीय शास्त्रीय संगीत बसून, कागद समोर ठेवून वाजवायचे असेल तर इथेच यावे.

पण कटकटी फार. मानेत तिला सरळ ठेवणारी सळई नाही, त्यामुळे मान वाकली की काम मोठे आणि महाग. नेहमीच्या जाड तारा चढवल्या की पाटी घोडीपाशी बसते किंवा चिरते; सर्वांत हलक्या तारांचाच संच लावावा लागतो. गोल पाठ मांडीवर ठरत नाही. अडगळीतून निघालेली बिननावाची नेपोलिटन मेंडोलिने अगदी स्वस्त मिळतात, आणि बहुतेकदा ती भिंतीवर टांगण्याच्याच लायकीची असतात. आणखी एक, भारतात आणणाऱ्यांसाठी: जुन्या इटालियन वाद्यांवर प्लेक्ट्रम (तारा छेडायची नखी) घासू नये म्हणून बसवलेली पट्टी पुष्कळदा खऱ्या कासवाच्या कवचाची असते. समुद्री कासवांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापारालाही बंदी आहे. कागदपत्रांची खात्री झाल्याशिवाय पैसे पाठवू नका.

राग वाजवायचे असतील तर या तिन्हींवर खर्च करण्याआधी थांबा. सज्जाद हुसेन यांनी मुंबईत चित्रपटांना संगीत देता देता पडद्यांच्या मेंडोलिनवर मींड काढून दाखवली, पण जोडतारा (मेंडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात) एकत्र ओढून ती साधणे सगळ्यांच्या बोटांचे काम नाही. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी इलेक्ट्रिक मेंडोलिन घेतले आणि जोड्या काढून एकेरी पाच तारा ठेवल्या. त्या वाटेने जायचे तर शंभर वर्षांचे लाकूड कशाला? नवे बनवून घ्या. लक्ष्मीकांत (लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले) किंवा किशोर देसाई यांच्यासारखे हिंदी गाण्यांतले तुकडे वाजवायचे असतील तर मात्र जोडतारा हव्यातच.

उरली लंबगोल भोकाची गिब्सन. हिचा आवाज एफ-5 पेक्षा गोल, जरा काळसर, आणि स्वर जास्त वेळ रेंगाळतो. चॉपला ती मऊ पडते. सुरावट, आयरिश धुना आणि घरात एकट्याने वाजवणे यांसाठी उत्तम. अमेरिकी वादक नॉर्मन ब्लेकने अशाच जुन्या वाद्यांवर आपली शैली उभी केली. एफ-4 ला शंखासारखी वळणे आहेत, त्यामुळे किंमत कितीतरी पट. ए मॉडेल साधे, थेंबाच्या आकाराचे आणि स्थितीनुसार साधारण हजार ते अडीच हजार डॉलरमध्ये मिळते. वळणांनी आवाजात फार फरक पडत नाही. पैसे नक्षीला जातात.

ए मध्येही साल बघा. मान सरळ ठेवणारी, फिरवता येणारी सळई गिब्सनने 1922 च्या सुमारास आणली. माथ्यावर खुंट्यांच्या मध्ये छोटे झाकण दिसले तर सळई आहे. आधीची वाद्येही सुरेल असतात, पण मान सरळ असल्याची खात्री करूनच घ्या. भोकातून आरसा घालून आतली आडवी पट्टी सुटलेली नाही ना पाहा. ती सुटली की पाटी दबते. प्लेक्ट्रम घासू नये म्हणून बसवलेली सेल्युलॉइडची पट्टी कुजू लागली असेल तर तिच्या वाफांनी शेजारचे धातूचे भाग गंजतात. ती काढून वेगळी ठेवावी. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात वाद्य पेटीत सिलिका जेलसकट ठेवावे आणि उन्हात उभ्या गाडीत तर कधीच सोडू नये, कारण जुने सांधे सरसाचे असतात आणि उष्णतेने व दमटपणाने सरस ढिला पडतो. विक्रेत्याकडून बाराव्या पडद्यावर वाजवलेला प्रत्येक तारेचा आवाज रेकॉर्ड करून मागवा. तिथे सूर बेसूर लागत असेल तर घोडी सरकली आहे की मान वाकली आहे, हे विचारूनच पुढे बोला.