क्लाससाठी खुर्ज्याचं इलेक्ट्रिक चाक : शिकवणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

खुर्जा या उत्तर प्रदेशातल्या, मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध गावाहून मागवलेलं हे कुंभारकामाचं चाक माझ्या पुण्यातल्या स्टुडिओत रोज चालतंय, सकाळी माझं स्वतःचं काम आणि संध्याकाळी क्लास, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते. कारखान्याचं नाव देत नाहीये कारण तिकडे बरेच जण साधारण अशीच चाकं बनवतात. अर्धा एचपी डीसी मोटर, बेल्ट ड्राइव्ह, पायाचं पेडल, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे माती ठेवायची फिरती तबकडी.

चाक घेताना सगळे आधी आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते विचारतात. शिकवायच्या चाकात टॉप स्पीडला काहीच अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे, 250 च्या आसपास बहुतेक चाकं जातात आणि नवीन माणूस तिथे जातच नाही. खरी परीक्षा हळू स्पीडला. नवशिके लोक अर्धा-पाऊण किलोचा गोळा सेंटर करताना, म्हणजे चाकाच्या बरोबर मधोमध आणताना, हातांनी नाही, सगळं अंग टाकून दाबतात, आणि तेव्हा चाक दबलं, म्हणजे मंदावलं, आणि हात सैल केल्यावर एकदम उसळलं की गोळा डुगडुगायला लागतो आणि त्या माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दोष मोटरचा, रडवेला चेहरा विद्यार्थ्याचा. हे बघून इतकं वाईट वाटतं की हळू स्पीडला न दबणारं चाक ही माझी पहिली अट आहे. इथे हे चाक पास, तीन किलोपर्यंत बिनधास्त दाबा, स्पीड पडत नाही. मोठी बरणी करायला सहा-सात किलो माती ठेवली तर मात्र बेल्ट घसरतो आणि किंचाळतो.

पेडल हा कमकुवत भाग. आत चिखलाचं पाणी गेलं की स्पीड आपोआप कमी-जास्त व्हायला लागतो आणि पातळ भिंत ओढताना असं झालं तर भांडं गेलंच. मी आता पेडलला प्लास्टिकची पिशवी बांधूनच क्लास सुरू करते, पण हे कारखान्यातच नीट बंद करून द्यायला हवं होतं.

आवाज आहे. अशी चार चाकं एकदम चालली की मला ओरडून शिकवावं लागतं. शिम्पो या जपानी कंपनीचं व्हिस्पर मॉडेल डायरेक्ट ड्राइव्ह आहे, बेल्टच नाही, ते खरंच शांत चालतं, पण त्या एकाच्या पैशात आपल्याकडची बरीच चाकं येतात आणि क्लासला एक चाक घेऊन भागत नाही.

उलटसुलट फिरवायचं बटण आहे हे मला फार आवडलं. जपानमध्ये चाक घड्याळाच्या दिशेने फिरवतात, युरोप-अमेरिकेत उलट, आणि माझ्या डावखुऱ्या मुलांना बरेचदा घड्याळाची दिशाच सोपी पडते. बटण नसेल तर ती मुलं उगाच मागे पडतात. गुडघे दुखणारे काका-काकू येतात त्यांच्यासाठी एका चाकाच्या पायाखाली विटा लावून ते उंच केलंय, उभ्याने करतात, फ्रेम जड असल्यामुळे तेव्हाही थरथरत नाही.

बॅट म्हणजे हेडवर बसवायची सुटी पाटी, भांडं तिच्यासकट उचलता येतं; ती पक्की धरणाऱ्या पिनांची भोकं हेडला नव्हती, ती 10 इंच अंतरावर पाडून द्या असं ऑर्डर देतानाच सांगा म्हणजे बाजारातली तयार बॅट बसते, नाहीतर प्रत्येक ओली प्लेट हातांनी उचलताना वाकडी होणार. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ओल्या हातांचं काम आहे, यात चालढकल नको. आणि जास्तीचा बेल्ट आणि एक सुटं पेडल सोबतच मागवा, नंतर मागवलं तर ट्रान्सपोर्टने यायला वेळ लागतो आणि तोवर एक विद्यार्थी चाकाशिवाय बसतो.