शिडाच्या गलबतातून मालवणला नेतो म्हणाले आणि बेलापूरच्या धक्क्यावर सोडून गेले

सुट्टीच्या सहलींच्या जाहिराती जोरात सुरू आहेत. त्यात ‘पारंपरिक शिडाच्या गलबतातून बेलापूर ते मालवण आणि परत, सात दिवस’ अशी किंवा तिच्यासारखी एखादी दिसली, तर पैसे भरण्याआधी हे पूर्ण वाचा. माणशी साडेचोवीस हजार रुपये घेऊन आम्हाला फसवलं गेलं. आमच्याबरोबर ठाणे, ऐरोली आणि डोंबिवलीची इतर कुटुंबंही होती. फसवणाऱ्यांनी आता नाव बदललं असेल, पण जाहिरातीची भाषा तीच राहील.

जाहिरात साधी नव्हती, विचार करून बनवलेली होती. मे 2025 मध्ये नौदलाने कारवारला ‘कौंडिण्य’ हे जहाज दाखल करून घेतलं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेलं. ते नुसत्या शिडांवर पोरबंदरहून मस्कतला गेलं, तेव्हा आपल्याकडे घराघरात त्याची चर्चा झाली. या लोकांनी नेमकी तीच हवा पकडली. ‘आपल्या पूर्वजांनी जसा कोकण किनारा पाहिला तसा पाहा’ असं पत्रकावर छापलेलं. जंजिरा, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सगळे किल्ले समुद्राच्या बाजूने. रात्री नांगर टाकून गलबतावरच मुक्काम.

माझ्या वडिलांचं बालपण विजयदुर्गाजवळ गेलं. त्यांचे एक काका मंगळुरी कौलं वाहून आणणाऱ्या पडावावर खलाशी होते. बाबा आता ऐंशी पार आहेत. गलबतातून गावाकडे जायचं म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून औषधांची पिशवी भरायला घेतली. जे घडलं त्यात पैशांपेक्षा मला याचाच संताप जास्त आहे.

वाशीला एका व्यापारी संकुलात त्यांचं कार्यालय होतं. भिंतीवर किनाऱ्याचा मोठा नकाशा, टेबलावर लाकडी जहाजाची प्रतिकृती, पावतीवर शिक्का आणि जीएसटी क्रमांक. निम्मे पैसे आगाऊ, निम्मे निघण्याच्या आठवडाभर आधी. व्हॉट्सअॅप गटावर रोज सूचना यायच्या: टोपी आणा, उलटीच्या गोळ्या आणा, पत्र्याची पेटी नको, कापडी पिशवी आणा. त्या सूचना अगदी बरोबर होत्या, म्हणूनच कुणाला शंका आली नाही.

निघायचा दिवस रामनवमीच्या आदला. सकाळी दहाला बेलापूरच्या धक्क्यावर जमायचं होतं. आम्ही सगळे वेळेवर हजर. तिथे शिडाचं गलबत नव्हतं. फायबरची, मागे इंजिन लावलेली एक छोटी बोट होती आणि तिच्या मध्यावर नायलॉनच्या दोरीने बांबू बांधून त्याला निळी ताडपत्री गुंडाळलेली होती. बांबूच्या बुंध्याशी लाकडाच्या दोन पाचरी ठोकल्या होत्या, तरी हाताने ढकलला की तो हलत होता. लाइफ जॅकेटं मोजून सहा, त्यातल्या दोघांचे पट्टे तुटलेले. माणसं त्याच्या तिपटीहून जास्त.

बोटीवरचा मुलगा विशी-बाविशीचा असेल. त्याला विचारलं, मालवणला यातून? तो गोंधळून गेला. म्हणाला, “मावशी, मला तर दोन तासांचं भाडं सांगितलंय. खाडीत फेरी मारायची, ताडपत्री सोडून फोटो काढू द्यायचे नि परत आणायचं. आणि बसायचं तर पटकन बसा, पाणी उतरतंय.” त्यालाही पाचशे रुपये हातावर ठेवून बाकीचे नंतर देतो म्हणून सांगितलेलं होतं. तो खोटं बोलला असता तर आम्ही बसलो असतो, आणि त्या बोटीत बाबांना, लहान मुलांना घेऊन बसलो असतो. त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे.

आयोजकाला फोन लावला. तो शांत, अगदी समजूतदार आवाजात बोलला. मोठं गलबत उरणजवळच्या करंजा बंदरात उभं आहे, बंदर खात्याने आयत्या वेळी परवान्याचं शुल्क वाढवलं, माणशी साडेतीन हजार आत्ता भरा म्हणजे परवाना सुटेल, तुमच्यासाठी बस पाठवतो. सोबत क्यूआर कोड आला. काहींनी भरले, माझ्या दादानेही भरले, कारण मुलं रडायला लागली होती आणि इतके पैसे आधीच अडकले होते. अर्ध्या तासाने गट बंद झाला आणि फोनही बंद. तोवर ओहोटी लागून धक्क्याखालचा चिखल उघडा पडला होता.

इथे थांबून एक सांगते. आयत्या वेळी मागितलेले पैसे ही या फसवणुकीची दुसरी पायरी असते. मोठी रक्कम आधीच गेलेली असते, माणूस सामानासकट घराबाहेर पडलेला असतो, आणि त्यापुढे साडेतीन हजार छोटे वाटतात. सरकारी परवान्याचं शुल्क प्रवाशाकडून असं क्यूआरवर, एखाद्याच्या खासगी खात्यात, कधीच घेतलं जात नाही. तो कोड स्कॅन केल्यावर कोणाचं नाव येतं ते बघा. आमच्या वेळी एका व्यक्तीचं नाव येत होतं.

त्या दुपारी आम्ही दिवाळे कोळीवाड्यात गेलो, त्या मुलाच्या घरी. त्याचे आजोबा जुने नाखवा, आयुष्यभर होडी चालवलेले. त्यांनी चष्मा लावून आमचं पत्रक वाचलं आणि एकेक ओळीवर बोट ठेवून सांगायला सुरुवात केली. मला वाटतं, हा भाग सगळ्यांनी नीट वाचावा, कारण कागदपत्रं खोटी करता येतात, समुद्र खोटा करता येत नाही.

पहिलं त्यांनी अंतर दाखवलं. मुंबई बंदर ते मालवण सुमारे पावणेदोनशे सागरी मैल, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. चांगला वारा मिळाला तर शिडाची होडी तासाला चार-पाच मैल काटते. चार दिवसांत जायचं तर रोज नऊ-दहा तास नुसतं चालत राहावं लागेल, मग पाच किल्ले बघणार कधी?

मग वारा. कोकणात उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा लागतो, म्हणून दक्षिणेकडे जाणं सोपं. परत येताना तोच वारा तोंडावर. पूर्वी गलबतं रात्री आणि पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा धरून वर सरकायची आणि दुपारी वारा फिरला की एखाद्या बंदरात थांबायची. पत्रकात परतीला तीनच दिवस होते, जाण्यापेक्षाही एक कमी. “हे ज्यानं लिहिलं त्यानं शीड बघितलेलं नाही,” असं ते म्हणाले.

मग भरती. पत्रकात रोज सकाळी दहाला खाडीतून बाहेर पडायचं लिहिलं होतं. भरतीची वेळ दर दिवशी पाऊण तासाहून जास्त पुढे जाते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा कोळ्यांचा हिशेब. त्या दिवशी अष्टमी, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि बाराला ओहोटी तळाला. बाणकोट, दाभोळ अशा खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे पट्टे आहेत, तिथे भरती धरूनच आत-बाहेर करावं लागतं. रोज एकाच वेळी निघणारं गलबत फक्त कागदावर असू शकतं.

शेवटी फोटो. पत्रकावरचं देखणं गलबत बघून त्यांनी लगेच मान हलवली. आपल्या मचव्याची, म्हणजे इकडच्या शिडाच्या होडीची, नाळ (पुढचं टोक) पुढे तिरकी झुकलेली असते, फोटोतल्या जहाजाची जवळपास सरळ उभी होती. भाचीने तिथेच मोबाइलवर तो फोटो शोधला. तो निघाला आफ्रिकेतला, केनियाच्या लामू बेटाचा. तिकडे अशी शिडाची जहाजं अजूनही पाण्यात आहेत. आपल्या किनाऱ्यावर इंजिनं आली, रस्ते झाले, कोकण रेल्वे आली आणि शिडावर माल वाहणारी गलबतं जवळजवळ संपली. ‘दर आठवड्याला सुटणारं शिडाचं प्रवासी गलबत’ असं कुणी म्हणत असेल तर ते कोणत्या बंदरात उभं असतं हे विचारा आणि पैसे देण्याआधी जाऊन बघून या.

बोट बघायला गेलात की तिच्या अंगावरचा नंबर वाचा. ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक मासेमारी नौकेचा असतो, तो प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. प्रवासी बोटीला महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र लागतं आणि किती प्रवासी घ्यायचे हे त्यात ठरलेलं असतं. जवळच्या बंदर निरीक्षकांच्या कार्यालयात बोटीचं नाव सांगून चौकशी करता येते. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवू नका, मग ती खाडीतली अर्ध्या तासाची फेरी का असेना.

पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिट लागतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक 27 ने सुरू होतो. आमच्या पावतीवरचा 24 ने सुरू होणारा, म्हणजे गुजरातचा होता, आणि तो हार्डवेअरच्या कुठल्या तरी दुकानाचा निघाला. वाशीचं कार्यालय महिन्याच्या भाड्यावर घेतलेलं होतं, आम्ही पोहोचलो तेव्हा नकाशाच्या जागी भिंतीवर चार खिळे राहिले होते.

पैशांचं काय झालं तेही सांगते. दादाने कोळीवाड्यातूनच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्या सकाळी क्यूआरवर गेलेल्यापैकी काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, कारण ती अजून तिथून हललेली नव्हती. आधीचे मोठे हप्ते मात्र केव्हाच काढून घेतलेले होते. म्हणून घरी जाऊन, विचार करून, उद्या बघू असं करू नका, धक्क्यावर उभ्या उभ्या फोन करा. त्यानंतर पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली. ग्राहक आयोगातही वेगळी तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. कोणी म्हणेल, इतक्या पैशांसाठी कोण खेटे घालणार. याच विचारावर ही माणसं जगतात. वीस कुटुंबांनी वेगवेगळं गप्प बसायचं आणि त्यांनी एकविसाव्याकडे जायचं.

त्या मुलाच्या बोटीचाही फोटो त्यांनी गटावर टाकला होता, त्यामुळे काही लोक रागाने त्याच्याच घरी गेले. कृपया तसं करू नका. तो आमच्या तक्रारीत साक्षीदार आहे आणि त्याचेही भाड्याचे पैसे बुडाले आहेत.

वाशीच्या त्या कार्यालयात ज्यांनी पैसे भरले असतील, तारीख पुढची असेल तरीही, त्यांनी तारखेची वाट पाहू नये. पावती, बँकेच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, गटावरचे संदेश आणि पत्रकाचा फोटो घेऊन आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जा. गटातून बाहेर पडू नका आणि संदेश पुसू नका. गट बंद होण्याआधी त्यातल्या सगळ्यांचे नंबर लिहून घ्या. आमच्यापैकी ठाण्यातल्या एका ताईंनी तसे घेतले होते, म्हणूनच आम्हाला एकत्र तक्रार देता आली.