आधी नोट्सच्या नावाने, मग रिफंडच्या नावाने

एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्याहीपेक्षा त्यांच्या आईवडिलांनी वाचावं म्हणून हे लिहितेय. आमच्या घरातून दोन टप्प्यांत मिळून 52 हजारांच्या वर रक्कम गेली. पहिला टप्पा राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या नोट्सचा होता. दुसरा टप्पा त्याच नोट्सचे पैसे परत करतो म्हणणाऱ्यांचा, आणि खरा घाव तिथे बसला.

आम्ही कळव्याला राहतो. धाकटा भाऊ बी.ए. झाल्यापासून राज्यसेवेची तयारी करतोय. सकाळी डबा घेऊन नौपाड्यातल्या अभ्यासिकेत जातो तो रात्रीच येतो. पुण्यात खोली घेऊन क्लास लावायची आमची ऐपत नाही. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि आप्पा निवृत्त झालेत. त्यामुळे त्याचा बराचसा अभ्यास मोबाइलवर जे मिळेल त्यावर चालतो. त्यात 2025च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. नऊ पेपर, 1,750 गुण. वर्षानुवर्षं चार पर्यायांतून एक निवडायची सवय असलेल्या मुलांना आता पानंच्या पानं लिहायची आहेत आणि त्या पद्धतीचं मराठीतलं साहित्य शोधताना सगळ्यांचीच दमछाक होतेय. ही धास्ती हेरूनच ही माणसं धंदा करतात.

टेलिग्रामवर जाहिरात आली. शासन, राजकारण आणि अर्थव्यवस्था, नव्या पॅटर्नचा संपूर्ण संच, मराठीतून, आयुष्यभरासाठी. मूळ किंमत 9,999, आज रात्री बारापर्यंत 1,999. खाली हार घातलेल्या यशस्वी उमेदवारांचे फोटो, प्रत्येकाच्या नावापुढे मिळालेलं पद. हेच फोटो नंतर आम्हाला आणखी दोन-तीन चॅनेलवर सापडले. कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. उमेदवाराची निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव किंवा फोटो जाहिरातीत वापरता येत नाही, असं त्यात आहे. या चॅनेलवाल्याने कुणाला विचारलं असेल असं मला बिलकुल वाटत नाही.

यूपीआयने पैसे भरताना समोर नाव आलं ते कुठल्या अकॅडमीचं नव्हतं, एका खासगी माणसाचं होतं. विचारल्यावर उत्तर आलं, "ते आमचे अकाउंटवाले सर आहेत." पावती मागितली तर "पेमेंटचा स्क्रीनशॉट हीच तुमची पावती." बिल नाही, पत्ता नाही, जीएसटी क्रमांक तर नाहीच. त्याऐवजी एक 'प्रवेश अर्ज' भरून घेतला. त्यात आधार कार्डाचा फोटो आणि पालकांचा मोबाइल नंबर सक्तीचा होता. नोट्स विकणाऱ्याला आधार कशाला लागतो आणि आप्पांचा नंबर कशाला लागतो, ते पुढे कळलं.

पैसे गेल्यावर ड्राइव्हची लिंक आली. फोल्डरांची नावं भारदस्त. भारतीय संविधान, राज्यव्यवस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, स्थूल अर्थशास्त्र, सार्वजनिक वित्त. पहिल्या आठवड्यात भाऊ खूश होता. मग एका रविवारी मी त्याच्यासोबत बसून पानं पाहिली. बऱ्याच पानांच्या मधोमध एक पांढरट पट्टा होता. स्क्रीनचा उजेड वाढवला तर त्या पट्ट्याखाली दुसऱ्याच कुठल्या तरी क्लासचं नाव तिरकं छापलेलं पुसट दिसत होतं. 'सोप्या भाषेत अर्थशास्त्र' नावाची फाइल म्हणजे बालभारतीचं अकरावीचं पाठ्यपुस्तक होतं. मुखपृष्ठ आणि प्रस्तावना काढून टाकलेलं, बाकी चित्रांसकट जसंच्या तसं.

आणि मजकूर? 'महाराष्ट्रात 35 जिल्हे आहेत' हे वाक्य वाचून मी थांबले. आमचाच ठाणे जिल्हा तोडून 1 ऑगस्ट 2014ला पालघर वेगळा झाला आणि जिल्हे 36 झाले, हे ठाण्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. मग आम्ही एकेक तपासत गेलो. नियोजन आयोग पंचवार्षिक योजना आखतो, असं वर्तमानकाळात लिहिलेलं, पण 1 जानेवारी 2015ला त्याच्या जागी नीती आयोग आला. लोकसभेची कमाल सदस्यसंख्या 552 दिलेली. 104व्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे 25 जानेवारी 2020पासून, अँग्लो-इंडियन समाजाच्या दोन नामनिर्देशित जागा संपल्या आणि ती कमाल 550 झाली. रेपो दर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ठरवतात, असंही एका पानावर होतं. 2016पासून तो सहा जणांची पतधोरण समिती बहुमताने ठरवते, गव्हर्नर तिचे अध्यक्ष असतात. रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा मांडला जातो, असं लिहिलं होतं, आणि तो तर 2017पासून मुख्य अर्थसंकल्पातच आहे. वस्तू व सेवा कराचा त्या पूर्ण संचात एका ओळीचा उल्लेख, तोही 'प्रस्तावित' म्हणून.

म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी नोट्स 'नवा पॅटर्न' म्हणून विकल्या होत्या. पैसे गेले याचा राग आहेच, पण ही चुकीची माहिती घोकून पोरगं परीक्षेला बसलं असतं याचा मला जास्त राग आहे. एका पदासाठी ही मुलं चार-चार वर्षं घालवतात, अर्ध्या गुणाने यादीच्या बाहेर राहतात. त्यांच्या हातात असा माल देणाऱ्याला काहीच कसं वाटत नसेल?

तोवर आणखी 3,500 गेले होते. उत्तरं लिहून पाठवा, आमचे मेंटॉर तपासून देतील, म्हणून. भावाच्या उत्तरावर शेरा आला, "चांगला प्रयत्न, मुद्देसूद लिहा, आकृती काढा." अभ्यासिकेतल्या त्याच्या मित्रानेही तिथेच पैसे भरले होते. त्याचं उत्तर राज्यपालांच्या स्वेच्छाधिकारांवर, भावाचं राजकोषीय तुटीवर, आणि शेरा शब्दाशब्दाला तोच.

भावाने ग्रुपवर चुका दाखवून पैसे परत मागितले. त्याला लगेच ग्रुपमधून काढून टाकलं, नंबरही ब्लॉक केला. आम्ही समजलो, विषय संपला.

काही दिवसांनी दुपारी आप्पांना फोन आला. घरी ते एकटेच होते. बोलणारी मुलगी अस्खलित मराठीत, अगदी अदबीने बोलत होती. "काका, तुमच्या मुलाची तक्रार आमच्याकडे आलीय. त्याची चूक नाही, आमच्या शिक्षकांची आहे. 5,499 रुपये पूर्ण परत करायचेत." भावाचं नाव, आधारचे शेवटचे आकडे, भरलेली रक्कम, तारीख, सगळं तिला तोंडपाठ. ज्याच्याकडे एवढी बरोबर माहिती आहे त्याच्यावर कुणाचाही विश्वास बसेल. आप्पांना बावळट म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की हा सापळा त्या 'प्रवेश अर्जा'पासूनच लावलेला होता.

तिने व्हॉट्सॲपवर 'रिफंड फॉर्म' नावाची फाइल पाठवली. ती कागदपत्राची पीडीएफ नव्हती, मोबाइलमध्ये ॲप बसवणारी एपीके फाइल होती. उघडल्यावर त्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली. पुढे फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे विचारले. "पैसे त्याच कार्डावर जमा होतील, काका. तासभर फोन बंद करू नका." आप्पांनी ओटीपी कुणालाच सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती, येणारा प्रत्येक मेसेज ते ॲप परस्पर पुढे पाठवत होतं. पाठोपाठच्या व्यवहारांत 46,800 रुपये गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण बँकेच्या व्यवहारांशी माझा रोजचा संबंध आहे. कुणाला तुमच्या खात्यात पैसे टाकायचे असतील तर त्याला खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड पुरतो, नाहीतर नुसता यूपीआय आयडी. पैसे घ्यायला कार्डाचा नंबर लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही, कुठलं ॲपही लागत नाही. घरातल्या मोठ्या माणसांना हे आजच बसून समजावून सांगा.

आप्पांनी मला ऑफिसात फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. मी आधी त्यांना मोबाइलचं इंटरनेट बंद करायला लावलं, बँकेला फोन करून कार्ड आणि खातं थांबवलं आणि लगोलग 1930वर तक्रार केली. हा सायबर आर्थिक फसवणुकीचा देशभरचा क्रमांक आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिथे सूचना जाते आणि रक्कम पुढे सरकलेली नसेल तर ती रोखली जाते. म्हणून आधी घरात चर्चा, मग ओळखीच्या माणसाला विचारणं, मग उद्या पोलीस स्टेशन, असं करू नका. तो पहिला तासच कामाचा असतो. आमच्या बाबतीत 11,400 रुपये मधल्या एका खात्यात रोखले गेले, बाकीचे तोवर एटीएममधून काढले होते. नंतर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर सविस्तर तक्रार आणि पोलीस ठाण्यात जबाब, हे रीतसर झालं. लावलेली कलमं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड. नोट्सच्या पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार दिली, पण विकणाऱ्याचा पत्ताच नसल्याने तिथे गाडं अडलंय.

आता ज्याच्यासाठी आम्ही पैसे मोजले ते फुकट कुठे मिळतं, ते सांगते. भावाने गेले काही महिने यावरच अभ्यास केलाय.

मराठीतून पाया पक्का करायचा तर ई-बालभारतीवर अकरावी-बारावीची राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत, तीच जी आम्हाला मुखपृष्ठ फाडून विकली. एनसीईआरटीची इंग्रजी-हिंदी पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर तशीच मिळतात. बारावीचं स्थूल अर्थशास्त्राचं पुस्तक तर राष्ट्रीय उत्पन्न आणि तुटीच्या संकल्पनांसाठी भावाने दोनदा वाचलं. संविधानाची मराठी प्रत सरकारनेच ऑनलाइन दिलेली आहे. संविधान सभेतल्या चर्चा इंग्रजीत वाचायला मिळतात, आणि वर्णनात्मक उत्तरात एखादा मुद्दा का आला हे लिहायचं तर त्यांच्याइतकं भक्कम दुसरं काही नाही. मराठी विश्वकोशातल्या नोंदी संकल्पना समजून घ्यायला फार चांगल्या आहेत, फक्त त्यातले आकडे जुने असतात, ते तिथून उचलू नयेत.

आकड्यांसाठी केंद्राची आर्थिक पाहणी आणि राज्याची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'. दुसरी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची असते, दरवर्षी राज्याच्या अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते आणि मराठीतही असते. शेती, सिंचन, जिल्ह्यांचं उत्पन्न, राज्यावरचं कर्ज, सगळं त्यात सापडतं. कुठल्याही क्लासच्या अर्थशास्त्राच्या नोट्समध्ये महाराष्ट्राविषयी जे असतं ते बहुतेक इथूनच आलेलं असतं. संसदेतली विधेयकं समजून घ्यायला पीआरएस या संस्थेचे सारांश आहेत. आयोगाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम, आधीच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मोफत आहेत. व्याख्यानं ऐकायची तर केंद्राच्या स्वयम् पोर्टलवर राज्यशास्त्र-अर्थशास्त्राचे विद्यापीठ पातळीचे अभ्यासक्रम आहेत, शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क आहे.

ठाण्यात राहणाऱ्यांना आणखी दोन जागा आहेत. 1893पासून चालू असलेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आणि ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या देशमुखांच्या नावाची संस्था आपल्या शहरात आहे. तिथे जाऊन चौकशी करता येते आणि समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारता येतात.

सगळेच पैसे घेणारे चोर असतात असं माझं म्हणणं नाही. उत्तरं मनापासून तपासणारा शिक्षक मिळाला तर त्याला फी द्यावीच. पण आधी नमुन्याचं एक प्रकरण मागा, पंचायत राज किंवा वस्तू व सेवा कराचं. त्यात तारखा आणि आकडे कुठवरचे आहेत ते पाहा. पावती आणि पत्ता मागा. रात्री बाराची मुदत घालणाऱ्याला सांगा की उद्या सकाळी बोलू. आधारचा फोटो आणि घरच्यांचा नंबर देऊ नका.

मागच्या महिन्यात तेच चॅनेल नव्या नावाने पुन्हा दिसलं. फोटो तेच, मुदत रात्री बाराचीच, किंमत आता 1,499. भावाने ते टेलिग्रामला कळवलं आणि तपास अधिकाऱ्यांनाही स्क्रीनशॉट दिले. ठाणे, कळवा, मुंब्रा, ऐरोलीकडच्या कुणी अशा ठिकाणी पैसे भरले असतील तर रक्कम छोटी आहे म्हणून गप्प बसू नका, आपली स्वतंत्र तक्रार नोंदवा. एकाच खात्याविरुद्ध जास्त तक्रारी आल्या की त्या जोडता येतात, असं आम्हाला पोलिसांनी सांगितलं. चॅट डिलीट करू नका आणि यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, जबाबाच्या वेळी सगळ्यात आधी तोच विचारतात.