हिवाळी ग्लायडिंगसाठी आगाऊ पैसे भरण्याआधी हे वाचा

समुद्रकाठच्या शहराजवळ हिवाळ्यात ग्लायडिंगची, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून उडण्याची, सोय शोधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे पैसे बुडाले आहेत आणि ते घेणारा माणूस अजूनही बुकिंग घेतोय.

जाहिरातीत म्हटलं होतं: किनाऱ्यालगतच्या सपाट मैदानावरून विंचने (दोर वेगाने ओढून ग्लायडर वर चढवणाऱ्या यंत्राने) उड्डाण, तासभर हवेत, हिवाळाभर. शंका काढली की उत्तर तयार असायचं, 'पर्लन २ ग्लायडर ७६,१२४ फुटांवर गेलं, तेही हिवाळ्यातच ना?' गोष्ट खरी आहे, म्हणून तर ती पटते. २ सप्टेंबर २०१८ ला अर्जेंटिनात तो विक्रम झाला, तेव्हा तिथे हिवाळा सरत होता. पण ग्लायडरला तिथवर नेलं ते अँडीजवरून वाहणाऱ्या वाऱ्यात उठणाऱ्या पर्वतलहरींनी. डोंगराचा भाग हा माणूस शिताफीने गाळतो.

सपाट मैदानावर हिशोब अगदी सरळ आहे. विंच साधारण तीन-चारशे मीटरवर सोडते. दोन आसनी ग्लायडर सेकंदाला मीटरभराच्या आसपास खाली येतं. वर नेणारी हवा मिळाली नाही, तर पाच-सात मिनिटांत उतरावंच लागतं. हिवाळ्यात ऊन तिरपं, दिवस लहान, त्यामुळे थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर उठणारे हवेचे झोत, आधीच क्षीण असतात. त्यात समुद्रावरची गार हवा आत शिरली की उरलेसुरलेही बसतात. मग उरतो तो उतारावर समोरून आदळून वर वळणारा वारा. त्यासाठी टेकड्यांची रांग हवी. तिथे साधा उंचवटाही नव्हता.

पैसे भरल्यावर दर वेळी आदल्या रात्री निरोप यायचा, 'वारा चुकीचा आहे, तारीख बदलू.' ग्लायडिंगमध्ये हे खरोखर होतं, त्यामुळे भांडताही येत नाही. अखेर न कळवताच मैदानावर गेलो. ग्लायडरच्या चाकाभोवती गुडघाभर गवत वाढलेलं. वेग मोजणाऱ्या पिटो नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, तेही वाळून कडक झालेलं. हे यंत्र या हिवाळ्यात उडालेलंच नव्हतं. तपासणीची कागदपत्रं मागितली तर 'ऑफिसात आहेत'. इन्स्ट्रक्टरचं लायसन्स? तेही ऑफिसातच. हंगाम संपला आणि पावतीच्या मागच्या बारीक अटीवर बोट ठेवलं गेलं: रक्कम फक्त याच हंगामापुरती वैध. वाऱ्याचं निमित्त करून आठवडे कशासाठी काढले, ते तेव्हा लख्ख कळलं. याला मी सरळ चोरी म्हणतो.

चांगला क्लब हिवाळ्यातली उड्डाणं छोटी असतील हे आधीच सांगतो आणि लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) समोर ठेवतो. अशा ठिकाणी सात मिनिटांसाठीही आनंदाने जावं.

त्याच्या पत्रकातल्या फोटोत ग्लायडरच्या शेपटीवरची नोंदणीची अक्षरं पुसट केली आहेत आणि मागे बर्फाच्छादित डोंगर दिसतो. आता नाव बदललंय, फोटो तोच आहे. हे पत्रक तुमच्यापर्यंत आलं तर पैसे पाठवू नका. आधीच पाठवले असतील तर बँकेला लगेच कळवा आणि पावतीची मागची बाजूही जपून ठेवा, तक्रारीत तीच लागते.