एकट्याने काम करणाऱ्यांसाठीची सुरक्षा यंत्रणा : एका पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेल्या नवी मुंबईच्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रातील एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो. कारखाना म्हटला की माणसांची वर्दळ डोळ्यांपुढे येते, पण रात्रपाळीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे आमच्या बोलीतले ईटीपी, कूलिंग टॉवर, पंपहाऊस, टाक्यांचे आवार आणि मागच्या भिंतीलगतची पहाऱ्याची चौकी या प्रत्येक ठिकाणी एकेकच माणूस असतो. त्याला काही झाले तर ते पुढच्या फेरीपर्यंत किंवा पाळी बदलेपर्यंत कोणालाच कळत नाही, ही आमची जुनी चिंता होती. त्यासाठी गेल्या उन्हाळ्यात आम्ही एकट्या कामगारांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा घेतली. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने ती वापरून झाल्यावर हे लिहीत आहे. यंत्रणेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बाजारातील बहुतेक यंत्रणांची रचना सारखीच आहे आणि फरक पडतो तो बसवण्यात आणि चालवण्यात.

यंत्र काडेपेटीहून थोडे मोठे असून त्यात सिमकार्ड, जीपीएस, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि मधोमध लाल बटण आहे. बटण काही सेकंद दाबून धरले की थेट संकटाचा इशारा जातो. माणूस आडवा झाला आणि हालचाल थांबली तर यंत्र आधी स्वतः थरथरते आणि वाजते. ठरलेल्या अवधीत कोणी उत्तर दिले नाही तर इशारा आपोआप पुढे जातो. याशिवाय ठरावीक वेळाने ‘मी ठीक आहे’ असे कळवण्याची सोय आहे, जी आम्ही ईटीपीसाठी अर्ध्या तासाची ठेवली.

पहिले काही आठवडे खोट्या इशाऱ्यांनी सगळे हैराण झाले. यंत्र कमरेच्या पट्ट्याला लावले होते आणि तेव्हा ते काही वेळ नुसते कलले तरी इशारा देत असे. रसायन मापून सोडणाऱ्या डोसिंग पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, गळती होते आहे का हे पाहायला ऑपरेटर उकिडवा बसून पुढे वाकला की कमरेचे यंत्र पुरते कलते, आणि त्याने गळणारे थेंब मोजत तिथेच थोडा वेळ काढला की यंत्राच्या लेखी तो पडलेला असतो. ओले रबरी हातमोजे काढून इशारा रद्द करेपर्यंत गेटवर भोंगा वाजलेला असे. अशा भोंग्याची सवय झाली की खऱ्या भोंग्यालाही कोणी उठत नाही, म्हणून ही गोष्ट किरकोळ मानू नये असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही यंत्र छातीवर, खिशाच्या वरच्या बाजूला लावायला सांगितले आणि नुसत्या कलण्यावर इशारा न देता कलणे आणि निश्चल राहणे या दोन्ही अटी एकत्र केल्या. इलेक्ट्रिशियनला पॅनलखाली आडवे व्हावेच लागते. त्याच्यासाठी इशारा तात्पुरता थांबवण्याची सोय ठेवली, पण ठरलेला वेळ संपताच ती आपोआप रद्द होईल अशीच. थांबवलेला इशारा पुन्हा सुरू करणे माणसाच्या आठवणीवर सोडता कामा नये.

जीपीएसवर विसंबून राहता येत नाही, हा दुसरा धडा होता. मोकळ्या मैदानात ते काही मीटरच्या अंतरात जागा दाखवते, पण लोखंडी शेड, उंच टाक्या आणि पाइपरॅक यांच्या मध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवरून परावर्तित होऊन येतो आणि नकाशावरचा ठिपका नाल्यापलीकडच्या दुसऱ्याच कारखान्यात दिसतो. अर्धवट जमिनीखाली असलेल्या पंपहाऊसमध्ये तर जीपीएस मिळतच नव्हते आणि मोबाइलचे नेटवर्कही अधूनमधून जात असे. त्यामुळे आम्ही जागोजागी ब्लूटूथ बीकन, म्हणजे आपली जागा सतत कळवणारी छोटी उपकरणे, लावून घेतले आणि त्यांना आमच्याच रोजच्या बोलण्यातली नावे दिली : ‘ईटीपी खालचा पंप’, ‘ब्लोअर रूम’ (सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्रांची खोली), ‘टाकी आवार मागची बाजू’. आता गेटवरच्या पडद्यावर नकाशाऐवजी ठिकाणाचे नाव येते, आणि रात्री दोन वाजता धावणाऱ्या माणसाला त्याचाच उपयोग होतो. सिमकार्डही एकाच कंपनीचे न घेता उपलब्ध नेटवर्क निवडणारे घेतले.

सुरुवातीला इशारा विक्रेत्याच्या दूरच्या नियंत्रण कक्षाकडे जात असे. तिथला कर्मचारी आधी कामगाराला फोन करी, मग पर्यवेक्षकाला, आणि ‘ब्लोअर रूम’ म्हणजे काय हे विचारण्यात मोलाचा वेळ जाई. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला प्राणवायूअभावी चार ते सहा मिनिटांतच इजा होऊ लागते. तेवढ्यात फोनाफोनीच्या तीन पायऱ्या परवडत नाहीत. या तक्रारीवर विक्रेत्याने दीर्घकाळ टोलवाटोलवी केली, याचा मला आजही राग आहे. शेवटी पहिला इशारा आमच्या गेटवरच्या भोंग्याकडे आणि शिफ्ट इन्चार्जच्या वॉकीटॉकीकडे वळवून घेतला. नियंत्रण कक्ष आता केवळ दुसरी फळी म्हणून आहे. गेटवर कोणी जायचे, प्रथमोपचार पेटी कोणी उचलायची आणि 112 ला फोन कोणी करायचा, हे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला नावानिशी फळ्यावर लिहिले जाते.

जुलैतील एका मुसळधार रात्री ईटीपीचा ऑपरेटर क्लॅरिफायरच्या, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीच्या, शेवाळलेल्या जिन्यावरून घसरला. घोटा मोडल्यामुळे त्याला उठता येईना, आणि पावसाच्या व ब्लोअरच्या आवाजात त्याची हाक कोणाला ऐकू जाणे शक्यच नव्हते. त्याने बटण दाबले, भोंगा वाजला, आणि फळ्यावर नाव असलेले दोघे स्ट्रेचर घेऊन थेट जिन्यापाशी पोहोचले. यंत्रणेचा सगळा खर्च त्या रात्री वसूल झाला असे मी मानतो. त्या जिन्याला आता खरखरीत जाळीच्या पायऱ्या बसवल्या आहेत, आणि ते काम यंत्र घेण्याच्याही आधी व्हायला हवे होते, असे व्यवस्थापनाला मी लेखी कळवले आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने पक्की लक्षात ठेवावी : हे यंत्र गॅस ओळखत नाही. ईटीपीच्या खड्ड्यात गाळ कुजला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, आणि सुमारे 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) पुढे गेल्यावर नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, म्हणजे वास थांबला म्हणून धोका टळला असे वाटते त्याच वेळी तो वाढलेला असतो. हवेतील प्राणवायू 20.9 टक्क्यांवरून 19.5 टक्क्यांच्या खाली गेला तरी ती जागा आत जाण्यास अयोग्य ठरते. तिथे प्राणवायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनशील वायू हे चारही मोजणारा डिटेक्टरच लागतो. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 36 ने (नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) घालून दिलेल्या नियमानुसार अशा बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी घेऊन दिलेला लेखी दाखला असावा लागतो. नाही तर उतरणाऱ्याने श्वसन उपकरण घालून कमरेच्या पट्ट्याला दोर बांधलेला असावा लागतो आणि त्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे लागते. छातीवरचे यंत्र त्या बाहेरच्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. खड्ड्यातून इशारा आला म्हणून सहकाऱ्याने तसेच खाली उडी घेतली तर एकाऐवजी दोघे जातात, आणि आपल्याकडे गटारे व टाक्या साफ करताना असे पुन्हापुन्हा घडले आहे. म्हणून खड्ड्याच्या कामाला आम्ही ‘एकट्याचे काम’ मानणेच बंद केले. ते परमिटशिवाय, म्हणजे त्या कामाच्या लेखी परवान्याशिवाय, आणि वर माणूस उभा असल्याशिवाय होत नाही.

सॉल्व्हंटच्या, म्हणजे सहज पेट घेणाऱ्या द्रावकांच्या, आवारात साधे यंत्र नेता येत नाही, हेही खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. ज्वलनशील वाफा असलेल्या क्षेत्रासाठी ठिणगी न पडण्याची हमी असलेले, प्रमाणित यंत्र वेगळे मिळते आणि ते बरेच महाग असते. दरपत्रकात बीकन, सिम, चार्जिंग स्टँड आणि वार्षिक शुल्क बहुधा शेवटच्या पानावर असतात. आमच्याकडे आम्लाच्या वाफा आणि खाडीची खारी हवा यांनी चार्जिंगच्या पितळी पिना पावसाळ्यातच हिरव्या पडल्या. रात्रभर स्टँडवर ठेवलेले यंत्र सकाळी रिकामे निघे. स्टँड कंट्रोल रूममध्ये हलवले आणि पिना आठवड्याला पुसण्याचे काम लॉगबुकात घातले, तेव्हा तो प्रश्न सुटला.

कामगारांचा विश्वास मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागला. “साहेब, चहाला गेलो तरी तुम्हाला कळणार का?” असे एका जुन्या ऑपरेटरने सगळ्यांसमोर विचारले आणि तो प्रश्न रास्तच होता. आम्ही युनियनशी बसून नियम ठरवले आणि ते सोप्या मराठीत सूचना फलकावर लावले : ठिकाणाची नोंद केवळ इशारा आल्यावरच उघडली जाईल, हजेरी किंवा पगारकपातीसाठी ती वापरली जाणार नाही, आणि पाळी संपताच यंत्र स्टँडवर जमा होईल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आता आहेच, पण कायद्यापेक्षाही दिलेला शब्द पाळल्यानेच ऑपरेटरांनी यंत्र खिशात लपवणे सोडले.

माझी उरलेली नाराजी वेगळीच आहे. यंत्रांची संख्या ठरवताना कायम कामगार आधी मोजले गेले, आणि मागच्या चौकीवरचा पहारेकरी व टँकरमधून नमुने घेणारा कंत्राटी मुलगा शेवटी राहिले, वास्तविक पाहता सर्वाधिक वेळ एकटे तेच असतात. कराराचे नूतनीकरण येत्या तिमाहीत आहे. या दोघांना यंत्र मिळेल, पहिला इशारा गेटवरच येईल आणि बीकनच्या बॅटऱ्या बदलण्याची जबाबदारी विक्रेत्याची राहील, या तीन अटी लेखी मान्य झाल्या तरच मी त्यावर शिफारशीची सही करणार आहे.